सेन्सर नॅनो केला की सुधारतोच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.टेक. संपत आलंय, पीएचडीसाठी मायक्रो-नॅनो सेन्सर हा विषय डोक्यात आहे. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब, सिलिकॉन नॅनोवायर यांच्या पेपरांत 'एक रेणूसुद्धा ओळखतो', 'संवेदनशीलता हजारपट' असं वाचायला मिळतं. मग फोनमध्ये, गाडीत, वैद्यकीय उपकरणांत अजून तोच जुना सिलिकॉन आणि तेच टिन ऑक्साइड का? गाडी नेमकी कुठे अडते? आणि 'ग्राफीनचा गॅस सेन्सर' हा विषय घ्यावा का?

बरीच वर्षं एमईएमएस उपकरणं (चिपवर कोरलेली सूक्ष्म विद्युत-यांत्रिक यंत्रं) बनवण्यात आणि त्याहून जास्त वेळ ती मोजण्यात गेलाय, त्यावरून सांगतो. बहुतेक पेपर ज्या गोष्टीवर भर देतात ती म्हणजे संवेदनशीलता, आणि सेन्सर तिथे क्वचितच अडतो. तो अडतो नॉइजपाशी (सिग्नलमधली नको असलेली थरथर), ड्रिफ्टपाशी (वाचन काळानुसार सरकत जाणं), वेफरवरचे, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवरचे, सगळे नग सारखे न निघण्यापाशी आणि शेवटी पॅकेजिंगपाशी. आकार लहान केल्यावर यातल्या बहुतेक गोष्टी बिघडतात. विषय निवडण्याआधी हे हिशेबाने पटलं पाहिजे, म्हणून थोडे आकडे मांडतो.

सुरुवात फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरपासून. त्यात सिलिकॉनचं एक वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं आणि त्याच्या कडेने कंगव्यासारखे दात असतात. वजन हललं की दातांमधलं अंतर बदलतं, कपॅसिटन्स बदलतो. समजा त्याची नैसर्गिक वारंवारता ३ किलोहर्ट्झ आहे. मग १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाला वजन किती सरकेल? त्वरण भागिले कोनीय वारंवारतेचा वर्ग. उत्तर येतं साधारण २८ नॅनोमीटर. आता १ मिली-जी मोजायचं म्हटलं तर सरकणं ०.०२८ नॅनोमीटर. सिलिकॉनच्या स्फटिकात दोन शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर असतं. म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या आठव्या हिश्श्याची हालचाल तुमच्या खिशातला सेन्सर रोज, बिनबोभाट मोजतो. गायरोस्कोपमधली हालचाल तर याहूनही लहान असते. तेव्हा 'मायक्रो' नावाखाली जे विकलं जातं त्याची मोजमापाची क्षमता कधीच नॅनोच्या पलीकडे गेलेली आहे. फक्त त्याचा आकार नॅनो नाही, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

का, ते बघा. याच वजनाचं वस्तुमान १ मायक्रोग्रॅम धरू, म्हणजे २० मायक्रॉन जाडीचा, साधारण १५० मायक्रॉन बाजूचा चौकोन. हवेचे रेणू त्याला सतत धडकत असतात, तो सतत थरथरत असतो. ही थरथर म्हणजे ब्राउनियन नॉइज. तिचा वर्ग तापमान आणि वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर वस्तुमान आणि क्यू-फॅक्टर (कंपनातली ऊर्जा किती हळू गळते याचं माप) यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्यू १ धरला तर खोलीच्या तापमानाला हिशेब येतो साधारण ५७ मायक्रो-जी प्रति वर्गमूळ हर्ट्झ. आता 'नॅनोकडे' म्हणून सगळ्या बाजू दहापट लहान करा आणि वारंवारता, क्यू तेवढेच ठेवा. वस्तुमान हजारपट घटलं, नॉइज सुमारे ३२ पट वाढला. इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी लावा, हा नॉइज हटत नाही, कारण तो यंत्रातच आहे. भूकंपमापनासाठी चांगले अ‍ॅक्सिलरोमीटर बनवणारे लोक वजन कमी करण्याऐवजी वाढवतात. पूर्ण वेफरच्या जाडीचं वजन कोरून काढतात, ते यामुळेच.

रोध मोजणाऱ्या नॅनोसेन्सरची कथाही वेगळी नाही. तिथे कमी वारंवारतेला १/एफ नॉइजचं, म्हणजे वारंवारता घटेल तसा वाढणाऱ्या नॉइजचं, राज्य असतं. १९६९ मध्ये हूग यांनी मांडलेल्या अनुभवजन्य सूत्राप्रमाणे हा नॉइज विद्युतवाहकांच्या (इलेक्ट्रॉन वगैरेंच्या) एकूण संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. नॅनोवायरमध्ये वाहकच मोजके, त्यामुळे नॉइज मोठा. सिग्नल दहापट वाढला आणि नॉइज वीसपट, तर सुधारणा कसली? पेपरातला आलेख बघताना मी आधी बेसलाइन बघतो. वायू सोडण्यापूर्वीची रेष जाड आहे की बारीक, सपाट आहे की उताराला लागलेली, यातून बहुतेक गोष्टी कळतात. सिग्नलचा उंच डोंगर नंतर.

(बेसलाइन काढून टाकून, 'नॉर्मलाइज' करून दिलेले आलेख दिसले की मी पान उलटतो. ही माझी खोड समजा.)

आता जैवसेन्सर. २००१ मध्ये हार्वर्डच्या लीबर यांच्या गटाने सिलिकॉन नॅनोवायरवर प्रथिनं ओळखून दाखवली आणि एक सबंध क्षेत्र उभं राहिलं. कल्पना देखणी आहे: वायरच्या पृष्ठभागावर अँटिबॉडी लावायची, तिला प्रथिन चिकटलं की त्याच्या विद्युतभारामुळे वायरचा रोध बदलतो, ट्रान्झिस्टरच्या गेटसारखा. अडचण मिठाच्या पाण्यात आहे. द्रवातले आयन त्या भाराभोवती गोळा होतात आणि तो झाकून टाकतात. किती अंतरावर झाकतात त्याला डिबाय लांबी म्हणतात. रक्ताइतक्या खारट द्रवात ती ०.८ नॅनोमीटरच्या आसपास असते. आणि अँटिबॉडीची स्वतःची उंची? साधारण १० नॅनोमीटर. म्हणजे पकडलेलं प्रथिन वायरला दिसेल त्याच्या कितीतरी बाहेर जाऊन बसतं. म्हणून असे बरेच प्रयोग पातळ केलेल्या बफरमध्ये (प्रयोगासाठी बनवलेल्या क्षारांच्या द्रावणात) होतात. शंभरपट पातळ केलं की डिबाय लांबी दहापट वाढते आणि सिग्नल दिसतो. पण रुग्णाचं रक्त शंभरपट पातळ केलं की जे शोधायचं तेही शंभरपट कमी होतं, आणि अँटिबॉडीची पकडही बदलते. पेपर वाचताना 'पद्धती' विभागात जाऊन बफरचं प्रमाण आधी बघा.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. १ फेम्टोमोलर द्रावणात दर नॅनोलिटरला सरासरी ०.६ रेणू असतात. १ नॅनोलिटर म्हणजे ०.१ मिलीमीटर बाजूचा घन. त्या घनात भटकणारा तो एकुलता एक रेणू काही दहा नॅनोमीटर रुंदीच्या वायरला सापडायचा कधी? २००५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या शीहन आणि व्हिटमन यांनी हा विसरणाचा हिशेब मांडला. रेणू सेन्सरपर्यंत ओढून आणण्याची काही सोय नसेल तर अशा सांद्रतेला तास नव्हे, दिवस लागू शकतात, असा त्याचा निष्कर्ष. सेन्सर जितका लहान तितका तो मासा गळाला लागायला जास्त वेळ. या क्षेत्रातलं मला आवडणारं सध्याचं काम म्हणूनच सेन्सरच्या बाहेरचं आहे: सूक्ष्म वाहिन्या, चुंबकीय मणी, विद्युतक्षेत्राने रेणू ओढणं, पृष्ठभागावर अँटिबॉडीऐवजी आखूड अ‍ॅप्टामर (ठरावीक रेणू पकडणारे डीएनए-आरएनएचे तुकडे) लावणं. अ‍ॅप्टामर रेणू पकडताना स्वतः घडी बदलतो, त्याचा भार वायरजवळ सरकतो, म्हणून डिबायच्या पडद्याआडूनही काहीतरी हाती लागतं.

ग्राफीनच्या गॅस सेन्सरबद्दल तुम्ही थेट विचारलंय, तर त्यावर जरा थांबतो. २००७ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसताना-उठताना रोधात पडणाऱ्या पायऱ्या मोजल्या. प्रयोग अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ते ग्राफीन निर्वातात तापवून स्वच्छ केलेलं होतं आणि वायू कोणता सोडलाय हे प्रयोग करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. रस्त्यावरच्या हवेत पाण्याची वाफ असते, ओझोन असतो, धुराचे सेंद्रिय रेणू असतात, आणि ग्राफीन या सगळ्यांना आपापल्या परीने प्रतिसाद देतं. रोध वाढला एवढं कळतं, कोणामुळे वाढला हे कळत नाही.

त्याहून खोल अडचण ही की संवेदनशीलता आणि परत शून्यावर येणं यांचं एकमेकांशी वाकडं आहे. रेणू पृष्ठभागाला घट्ट चिकटला तर सिग्नल मोठा मिळतो, पण तो निघायला वेळ लागतो. किती वेळ? बंधऊर्जा घातांकात असते, त्यामुळे आकडे धक्कादायक येतात. अणूंच्या कंपनाचा नेहमीचा दर, सेकंदाला १ वर १३ शून्यं, धरला तर खोलीच्या तापमानाला ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टने (हे अणूपातळीवरचं ऊर्जेचं एकक) चिकटलेला रेणू सुमारे ३ सेकंदांत सुटतो. १ इलेक्ट्रॉनव्होल्टला पावणेदोन तास. १.२ ला साडेपाच महिने! याला सेन्सर कसं म्हणणार? तो एकदा वापरायचा बिल्ला झाला. २००० साली स्टॅनफर्डच्या गटाने कार्बन नॅनोट्यूबचा गॅस सेन्सर दाखवला तेव्हाही हेच दिसलं होतं: प्रतिसाद सेकंदांत, पण मूळपदावर यायला तासन्‌तास, नाहीतर तापवावं लागतं.

आता तेच १ इलेक्ट्रॉनव्होल्ट ३०० अंश सेल्सिअसला बघा: सुटायला साधारण ६० मायक्रोसेकंद. नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली पेटंट घेतलेला धातू-ऑक्साइड सेन्सर अजून टिकून आहे तो याच जोरावर. टिन ऑक्साइड गरम ठेवायचं. पृष्ठभागावरचा ऑक्सिजन वायूशी भिडतो, काम झालं की पृष्ठभाग आपोआप साफ होतो. आजचा फरक एवढाच की तो थर आता पातळ पडद्यावरच्या सूक्ष्म हीटरवर बसतो, हीटरला काही मिलीवॅट पुरतात आणि तो काही मिलीसेकंदांत गरम-थंड होतो. मग तापमान खाली-वर करत एकाच थराकडून वेगवेगळे प्रतिसाद घ्यायचे आणि त्या नक्षीवरून वायू ओळखायचा, हे सध्या जोरात चाललेलं काम आहे. मशीन लर्निंगचा इथे खरा उपयोग होतो, फक्त प्रशिक्षणाचा डेटा आणि चाचणीचा डेटा एकाच दिवशी, एकाच सेन्सरवर घेतलेला नसावा. बहुतेकदा असतो. आणि सिलिकोन (रबरासारख्या) सीलंटमधून येणाऱ्या सिलोक्सेन वाफा या थराला कायमचं विष देतात, ते कोणत्याही अल्गोरिदमने उतरत नाही.

बनवण्याकडे वळतो. सिलिकॉनमध्ये खोल, सरळ भिंतींचे खड्डे करायला बॉश प्रोसेस वापरतात: सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या प्लाझ्माने थोडं खणायचं, मग फ्लोरोकार्बनचा पातळ थर चढवून भिंती झाकायच्या, पुन्हा खणायचं, असं शेकडो वेळा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली भिंतीवर एकावर एक वळ्या दिसतात, प्रत्येक वळी म्हणजे एक फेरी. कागदावर सरळसोट असलेलं हे काम वेफरच्या मध्यावर आणि कडेला सारखं होत नाही. जिथे खुला भाग जास्त तिथे वायू लवकर संपतो, तिथलं खोदकाम मागे पडतं. स्प्रिंगची रुंदी २ मायक्रॉन हवी आणि ०.१ मायक्रॉन जास्त राहिली, तर तिची ताठरता रुंदीच्या घनाप्रमाणे १५ टक्क्यांहून जास्त वाढते, वारंवारता साडेसात टक्क्यांच्या घरात. हे सर्किटमध्ये सुधारता येतं. पण ५० नॅनोमीटरच्या दांडीत १० नॅनोमीटरची चूक झाली तर ताठरता ७३ टक्क्यांनी चढते. तिथे एका वेफरवरचे हजार नग म्हणजे हजार वेगवेगळे सेन्सर, आणि प्रत्येकाचं कॅलिब्रेशन स्वतंत्र करायचं म्हणजे धंदा बसला.

मग येतो रिलीज. हलणाऱ्या भागाखालचा ऑक्साइड हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढतात, धुतात, वाळवतात. वाळताना २ मायक्रॉनच्या फटीत अडकलेलं पाणी आटत आटत वरच्या दांडीला खाली ओढतं आणि दांडी तळाला चिकटते, ओल्या काचेवर दुसरी काच बसावी तशी. ओढून निघत नाही. याला स्टिक्शन म्हणतात आणि नव्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष बरंचसं यातच जातं. इलाज आहेत: पाण्याच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा, तो ३१ अंश आणि ७४ बारच्या वर न्यायचा, तिथे द्रव-वायू असा पृष्ठभागच उरत नाही, मग ओढायला काही नाही. किंवा मुळात द्रव टाळून आम्लाच्या वाफेने खोदायचं. उद्योगात वाफेची पद्धत जास्त चालते. पुढे, वापरात धक्का बसून भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर एकाच रेणूच्या जाडीचा जलविरोधी थर देतात. हा थर वर्षानुवर्षं टिकतो का, यावर अजून काम होण्यासारखं आहे, पण ते कोणाला 'ग्लॅमरस' वाटत नाही.

पॅकेजिंगला पेपरांत एक ओळ मिळते. प्रत्यक्षात पॅकेज आणि चाचणी यांचा खर्च मिळून बऱ्याचदा चिपहून जास्त असतो. त्याचं एक उदाहरण सांगतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि इमारतीतले एकाच कंपनीचे कित्येक फोन आणि घड्याळं गपगार पडली. बाकी कंपन्यांचे फोन चालू. कारण निघालं ते घड्याळाच्या ठोक्यांसाठी वापरलेला एमईएमएस ऑसिलेटर. तो निर्वात पोकळीत कंप पावतो. हेलियमचा अणू इतका लहान की पोकळीच्या भिंतींतून आत झिरपला, निर्वात बिघडला, वारंवारता भरकटली. क्वार्ट्झ वापरणाऱ्या फोनांना काही झालं नाही. काही दिवसांत हेलियम बाहेर पडला तसे बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले. चिपच्या आराखड्यात दोष नव्हता, सीलमधून काय जातं एवढाच प्रश्न होता.

एवढं सगळं वाचून क्षेत्रातून पळ काढू नका. नवा पदार्थ बाजारात पोचतो, फक्त त्याच्या अटी वेगळ्या असतात. २००९ मध्ये जपानच्या एआयएसटी संस्थेत आकियामा आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडमध्ये स्कँडियम मिसळलं आणि पिझोइलेक्ट्रिक गुणांक (दाबल्यावर किती वीज तयार होते ते) सुमारे पाचपट झाल्याचं दाखवलं. हजारपट नाही, पाचपट. आज स्कँडियम घातलेला नायट्राइड फोनमधल्या रेडिओ फिल्टरांत आहे. का टिकला? कारण अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचं स्पटरिंग (टार्गेट नावाच्या तबकडीतून अणू उडवून पातळ थर चढवणं) फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, आधीच चालू होतं. टार्गेट बदललं, कृती सुधारली, काम झालं. तापमान कमी, ट्रान्झिस्टरला बाधणारी अशुद्धी नाही. याउलट सोन्याचे संपर्क किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं खोदकाम असलेला वेफर घेऊन सीमॉस लाइनपाशी (नेहमीच्या ट्रान्झिस्टर चिप बनवणाऱ्या लाइनपाशी) जा, दारातच अडवतील. २०१९ मध्ये कील विद्यापीठातल्या गटाने हाच पदार्थ फेरोइलेक्ट्रिकही आहे (त्याचं ध्रुवीकरण विद्युतक्षेत्राने उलटवता येतं) हे दाखवलं, तेव्हापासून त्यात नव्याने रस आलाय. स्कँडियम जास्त झालं की थरात वाकडे वाढणारे कण येतात, खोदताना भिंती तिरक्या होतात. पीएचडीपुरते प्रश्न त्यात भरपूर आहेत.

दुसरी दिशा म्हणजे ताणलेल्या सिलिकॉन नायट्राइडचे रेझोनेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेला कंप पावणाऱ्या दांड्या. दांडीतला ताण आणि तिचा आकार जुळवून ऊर्जेची गळती इतकी कमी करतात की खोलीच्या तापमानाला १ अब्जापलीकडचा क्यू मिळालाय. वर दिलेल्या ब्राउनियन सूत्रात क्यू छेदात आहे, म्हणजे वस्तुमान घटल्याची भरपाई इथून होऊ शकते. अर्थात त्याला निर्वात लागतो, म्हणजे पुन्हा पॅकेज. बार्सिलोनाच्या गटाने २०१२ मध्ये नॅनोट्यूबच्या रेझोनेटरवर १.७ योक्टोग्रॅम, म्हणजे जवळपास एका प्रोटॉनचं वस्तुमान, इतकी सूक्ष्मता गाठली, तीही अतिनिर्वातात आणि अतिशीत तापमानाला. विज्ञान म्हणून अप्रतिम. उत्पादन म्हणून त्याकडे बघूच नये.

तर तुमचा विषय. ग्राफीनवरच मन असेल तर गॅसऐवजी चुंबकीय क्षेत्र मोजा. ग्राफीनचे हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र विद्युतदाबात बदलणारे) आज विकत मिळतात, याला कारण आहे: चुंबकीय क्षेत्र पॅकेजच्या आरपार जातं, म्हणून ग्राफीन पूर्ण झाकून, वाफेपासून वाचवून ठेवता येतं. वायू मोजायचा तर खिडकी उघडी ठेवावी लागते आणि खिडकीतून सगळंच आत येतं. तरी गॅसच करायचा असेल, तर नव्या पदार्थावर चौथा लेप चढवण्यापेक्षा ड्रिफ्ट का होतो याचं भौतिकशास्त्र हा विषय घ्या. स्पर्धा कमी आहे आणि उद्योग त्यासाठी माणसं शोधत असतो.

मार्गदर्शक पक्का करण्यापूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवस काढा. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारा: एकाच वेफरचे किती नग मोजता, सगळे की जो चालला तो? अ‍ॅलन डेव्हिएशन (वेगवेगळ्या कालावधींत वाचन किती हलतं याचं माप) काढता का? आर्द्रता बदलून मोजण्याची सोय आहे का? सलग महिनाभर सेन्सर चालू ठेवलाय का कोणी? वायर बाँडिंग (चिपला बारीक तारा जोडणं) कोण करतं, आणि ते यंत्र बिघडलं तर किती दिवस बंद असतं? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची पीएचडी चार वर्षांत होणार की सहा, याचा बराच अंदाज येईल.